वाँडरर्सची ती पिच आणि रहाणेचे ४८

जानेवारी २०१८, भारत-दक्षिण आफ्रिका, जोहान्सबर्गच्या वाँडरर्स मैदानावरची टेस्ट. सिरीज आपल्या हातून आधीच २-० ने गेलेली, त्यामुळे मी खरं तर नुसतं स्कोअर बघायला टीव्ही लावला होता आणि मग जागचा हललोच नाही. दोन्ही टीममध्ये एकही स्पिनर नाही, पाच-पाच सीमर (फास्ट-मीडियम बॉलर), यावरूनच समजा पिच कशी होती ते.

पुजाराला पहिला रन काढायला ५४ बॉल लागले! लोकं हसत होती, पण मला विचाराल तर त्या पिचवर ५३ बॉल विकेट न देणं हेच मोठं काम होतं. प्रॉब्लेम स्विंगचा (बॉल हवेत वळण्याचा) नव्हताच, स्विंग दिसतो तरी, इथे पिचला भेगा पडलेल्या, त्यामुळे गुड लेंग्थचाच (बॅट्समनच्या थोडा पुढे, एकाच टप्प्यावर पडलेला) एक बॉल गुडघ्याएवढा राहायचा आणि पुढचा थेट ग्लोव्हजवर. बॅट्समनने पुढे यायचं का मागे जायचं?

आपला रहाणे पहिल्या दोन टेस्टला बाहेर (का, ते मला अजून कळलेलं नाही) आणि इथे येऊन दुसऱ्या इनिंगमध्ये ४८. माझ्यासाठी शंभरच ते.

तिसऱ्या दिवशी बुमराहचा बॉल उसळून त्यांच्या ओपनर एल्गरच्या हेल्मेटवर, खेळ थांबला, वाटलं आता मॅचच रद्द करतात. नाही केली. एल्गर ८६ नॉट आऊट, शमीच्या २८ रन्समध्ये ५ विकेट, आपण ६३ रन्सनी जिंकलो. नंतर आयसीसीने पिचला ‘पुअर’ शेरा दिला, तो बरोबरच होता, पण मॅच मात्र कसली भारी झाली यार.