आमची वाटचाल : जुनी गिटार, नवा पिकअप

आमचं दुकान मुळात ॲम्प्लिफायर आणि मिक्सर दुरुस्तीचं. गिटार आमच्याकडे आली ती तक्रारी घेऊनच: स्पीकरमधून 'घूं' येतंय, एकच तार मोठी वाजतेय, सेल आठवडाभरही टिकत नाही. दोष शोधायला बसलं की तो सर्किटमध्ये कमी आणि लाकडात जास्त सापडायचा. म्हणून सोल्डरिंगच्या टेबलाशेजारी सुतारकामाचा बाक आला, आणि पुढे तोच मुख्य धंदा झाला. भजनी मंडळं, ऑर्केस्ट्रा, चर्चचे कॉयर यांच्याकडच्या जुन्या ॲकॉस्टिक गिटारींना पिकअप (तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग) बसवणं हे आता आमचं रोजचं काम.

एक नियम आम्ही फार लवकर केला आणि तो आजही पाळतो: जुन्या गिटारीच्या बाजूला प्रीॲम्पसाठी (पिकअपचा बारीक सिग्नल सांभाळून पुढे पाठवणारं छोटं सर्किट) खिडकी कापायची नाही. बाजूची पट्टी जेमतेम २ ते २.५ मिमी जाड असते. वाळलेलं लाकूड करवतीखाली कोपऱ्यातून चिरतं, आणि ती चीर पुढच्या उन्हाळ्यात लांबते. शिवाय प्रीॲम्प काही वर्षांनी बिघडला की त्याच मापाचा दुसरा मिळेलच असं नाही. भोक मात्र कायमचं राहतं.

पिकअपआधी गिटार तपासतो. ब्रिजच्या (वरच्या फळीवरचा, तारा पेलणारा लाकडी तुकडा) मागच्या कडेखाली साधा कागद सरकला, तर ब्रिज सुटायला लागलाय. तो काढून जुना सरस खरवडायचा, नव्याने चिकटवून क्लॅम्पमध्ये रात्रभर ठेवायचा. आतले ब्रेस, म्हणजे फळीला आधार देणाऱ्या लाकडी पट्ट्या, बोटाने ठोकून ऐकायचे. सुटलेला ब्रेस नुसत्या गिटारीवर बारीक खरखरतो, पण पिएझो (दाब-कंपनातून वीज तयार करणारा पिकअप) लावला की तोच आवाज सगळ्या मांडवात ऐकू जातो. पावसाळ्यात वरची फळी फुगलेली असेल, तर ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) त्या दिवशीच्या मापावर कायम करण्यात अर्थ नाही.

मग पिकअपची निवड. साउंडहोलमध्ये अडकवायचा मॅग्नेटिक पिकअप सर्वात सोपा, पण ब्राँझ गुंडाळलेल्या तारेत त्याला फक्त पोलादी गाभा कळतो, त्यामुळे गुंडाळी नसलेली, पूर्ण पोलादी दुसरी तार फार मोठी वाजते. पोल-स्क्रू (प्रत्येक तारेखालचे वर-खाली होणारे स्क्रू) असतील तर तिच्याखालचा खाली घ्यायचा. नायलॉन तारांवर हा पिकअप मुकाच. टेलपीस (तारा गिटारीच्या शेपटाशी धरणारी पट्टी) आणि सुटा ब्रिज असलेल्या गिटारीला आम्ही फळीच्या आतून, ब्रिजच्या पायाखाली पिएझो चकत्या लावतो. आधी दुहेरी टेपने तात्पुरत्या लावून जागा ऐकून ठरवायची, मग फेविक्विकसारख्या घट्ट सुकणाऱ्या गोंदाने पक्क्या करायच्या. मऊ टेपवर ठेवल्या तर वरचे सूर मरतात. चकतीच्या पांढऱ्या भागावर सोल्डर करताना सोल्डरिंग आयर्न क्षणभरच टेकवावं, नाहीतर चांदीचा थर उठतो.

चिकटलेल्या ब्रिजच्या गिटारीला सॅडलखाली (ब्रिजच्या खाचेत बसणारी, तारा जिच्यावर टेकतात ती अरुंद पट्टी) बसणारी पिएझो पट्टी, आणि खरं कौशल्य इथेच लागतं. खाच साधारण २.४ किंवा ३.२ मिमी रुंद असते, पट्टी त्या मापाचीच घ्यायची. खाचेच्या एका टोकाला ३ मिमीचं भोक थोडं तिरकं पाडायचं, म्हणजे पट्टी काटकोनात मुडपत नाही. भोकाची कड घासून गोल केली नाही तर पट्टी तिथे उचलली जाते, आणि पहिली किंवा सहावी तार बाकीच्यांशी जुळत नाही. खाचेचा तळ सपाट हवा. पट्टी १.२ मिमी जाड असेल तर सॅडल खालून तेवढंच घासायचं. काच टेबलावर ठेवून, तिच्यावर पॉलिश पेपर पसरून घासलं तर तळ सरळ राहतो. हे विसरलं तर बाराव्या फ्रेटवर ॲक्शन जवळपास ०.६ मिमी वाढते. सॅडल हाताने खाली गेलं पाहिजे; ठोकून बसवलं तर तारांचा दाब पट्टीपर्यंत पोचत नाही, आणि फार सैल असेल तर ते पुढे कलतं. एखादी तार कमी वाजली तर तिथे कागदाची घडी घालतात, तो इलाज आम्हाला मान्य नाही. दोष जवळजवळ नेहमी तळात असतो.

जॅक एंडपिनच्या (गिटारीच्या तळाकडची, पट्टा अडकवायची खुंटी) जागी. भोक साधारण १२ मिमीपर्यंत मोठं करायचं, पण ड्रिलने नाही, हातरीमरने (हाताने फिरवून भोक रुंदावणारं निमुळतं हत्यार), थोडं थोडं. ड्रिल जुन्या व्हार्निशचे कपचे उडवतं. जॅक स्टिरिओच घ्यायचा: टोकाला सिग्नल, मागच्या भागाला अर्थ (ग्राउंड), मधल्या कड्याला सेलचं ऋण टोक. साधी मोनो पिन घातली की कडं आणि अर्थ जुळतात आणि सर्किट चालू होतं. पिन रात्रभर आत राहिली तर सेल संपणारच.

प्रीॲम्प का लागतो, हे गिऱ्हाइकाला आकड्याने सांगितलं की पटतं. सॅडलखालची पट्टी म्हणजे साधारण १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर. पुढच्या सर्किटचा इनपुट रोध १ मेगाओहम असेल तर साधारण १६० हर्ट्झखालचा आवाज उतरायला लागतो, आणि सहाव्या तारेचा मूळ सूर ८२ हर्ट्झचा. १० मेगाओहमला ही सीमा १६ हर्ट्झवर जाते. मिक्सरच्या १० किलोओहमच्या लाइन इनपुटला पट्टी थेट जोडली तर उरतो फक्त पत्र्याचा आवाज. आम्ही टीएल०६२ या ऑपॲम्प चिपवर साधा बफर (पट्टीवर भार न टाकता सिग्नल पुढे देणारं सर्किट) करतो. तो अर्धा मिलीॲम्पिअरसुद्धा खात नाही, म्हणून अल्कलाइन ९ व्होल्टचा सेल शेकडो तास चालतो. साधा झिंकचा सेल वापरू नये, गळला की आतलं लाकूड आणि तांबं दोन्ही खातो. सेल वेल्क्रोच्या पिशवीत, नेकब्लॉकला (मान जिथे जोडलेली असते तो आतला ठोकळा).

शिट्टीचा त्रास (स्पीकरचा आवाज परत गिटारीत शिरून घुमणं) बहुतेक मोठ्या गिटारींत १०० हर्ट्झच्या आसपास, पोकळीतल्या हवेच्या कंपनामुळे होतो. तिथे मिक्सरवर अरुंद कट द्यावा, म्हणजे फक्त तेवढाच आवाज कमी करावा, किंवा साउंडहोलला रबरी झाकण लावावं. 'घूं' येत असेल तर आधी चकतीची पितळी बाजू अर्थला आहे का बघावं; उलटी जोडलेली चकती अँटेनासारखी वागते.

गिटारीचं मूळ सॅडल आम्ही कधी घासत नाही, नवं हाडाचं कापून तेच घासतो. जुनं आणि एंडपिन पिशवीत घालून गिटारीसोबत परत देतो.