तस्लिमा नासरिन यांचे बालपण वाचताना

आज दिवसभर पावसामुळे वीज नव्हती, म्हणून दापोलीच्या घरी पडवीत बसून तस्लिमा नासरिन यांचे १९९९ साली प्रसिद्ध झालेले ‘आमार मेयेबेला’ (माझे मुलीपण) हे बंगाली आत्मकथन एका बैठकीत संपवले. १९६२ साली आजच्या बांगलादेशातल्या मयमनसिंगमध्ये जन्मलेल्या लेखिकेच्या कुटुंबाला १९७१ च्या युद्धात शहर सोडून खेड्यांत आसरा घ्यावा लागला, तो भाग प्रभावी आहेच. परंतु मला अधिक अस्वस्थ केले ते घराच्या चार भिंतींतल्या धाकाने. डॉक्टर असलेले मारकुटे वडील, नवऱ्याच्या उपेक्षेने खचून पीराच्या भजनी लागलेली आई आणि नात्यातल्याच पुरुषांनी केलेला, कुणालाही सांगता न येणारा अत्याचार, हे सारे नासरिन आवाज न चढवता लिहितात. धर्माविषयी प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीला गप्प केले जाते, तेव्हा सोवळ्याचे कारण विचारताच डोळे वटारणारी माझी आजी आठवली (अर्थात आमच्याकडे प्रकरण डोळ्यांवरच निभावत असे). बांगलादेशात या पुस्तकावर बंदी आली आणि कोलकात्यात २००० साली त्याला बंगाली साहित्यासाठीचा आनंद पुरस्कार मिळाला. मात्र आईच्या भाबडेपणाबद्दल लिहिताना त्यांची लेखणी काही ठिकाणी विनाकारण कठोर होते, असे माझे मत आहे.