ओळखीतसुद्धा निम्मे पैसे आधी का?

"आपण काय परके आहोत का? मग निम्मे पैसे आधीच कशाला?" मी सागाचं फर्निचर मागणीप्रमाणे बनवून देते आणि काम घेताना निम्मे पैसे आधी मागते, म्हणून हे मला काका विचारतात, शाळेतल्या बाईंनी विचारलं, आईच्या भिशीतल्या मावश्या तर हमखास विचारतात. दर वेळी मी "तसा नियमच आहे" म्हणून विषय बदलते. आज नीट सांगते.

वखारीत चोवीस वर्षांच्या मुलीला कुणी उधारी देत नाही. साग रोखीनेच घ्यावा लागतो. सवा इंचाची फळी घेतली की दोन्ही बाजूंनी रंधा मारून हातात एक इंच उरतो, म्हणजे पैसे मोजलेल्या लाकडाचा पाचवा हिस्सा भुशात गेला. कडेच्या पांढऱ्या लाकडाला कीड लागते, तेही काढून टाकायचं. वर १८ टक्के जीएसटी. माझी वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या खूप खाली, त्यामुळे नोंदणी नाही आणि भरलेला कर परतही मिळत नाही. तुम्ही दिलेले निम्मे पैसे माझ्या खिशात बसत नाहीत, वखारीत जातात.

पण खरं कारण हिशेबाचं नाही.

धंद्याच्या पहिल्याच वर्षी आईच्या एका मैत्रिणीने पुस्तकांचं कपाट सांगितलं. घोडबंदर रोडला नवा फ्लॅट, हॉलमध्ये बीमखाली सात फूट उंच कोनाडा. मापं घ्यायला मी स्वतः गेले, मावशींनी पोहे केले होते. पैशांचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. गाठी नसलेल्या सात फुटी फळ्या सहज मिळत नाहीत, आणि लांबी वाढली की घनफुटाचा भावही चढतो. साठवलेले सगळे पैसे त्यात घातले. फूटभर रुंदीसाठी पट्ट्या जोडून चिकटवल्या, उभ्या फळ्यांत खाचा पाडल्या, आडव्या फळ्या त्यांत बसवून क्लॅम्प लावले. फेव्हिकॉल वाळला, कपाट काटकोनात आहे का बघायला कर्ण मोजले, दोन्ही अगदी सारखे. त्या संध्याकाळी मी वागळे इस्टेटमधल्या गाळ्यात उगाचच त्या कपाटासमोर बसून होते.

मग फोन आला. "अगं, इंटिरिअरवाला म्हणतो सगळं लॅमिनेटमध्येच करू, एकसारखं दिसेल. तुझं कपाट काय, कुणीही घेईल."

कुणी घेणार नव्हतं. ते त्या एका बीमखालच्या कोनाड्याचं होतं. मी इतरांना विचारून पाहिलं. कुणाकडे उंची बसेना, कुणाकडे खोली. पावसाळ्यात गाळ्यात जागा उरली नाही तेव्हा मी ते कापलं. चिकटलेले सांधे सुटत नाहीत, सांध्याजवळूनच करवत चालवावी लागते. सात फुटांचे तुकडे झाले, त्यांचे पाट आणि ट्रे केले. ते विकले गेले, पण गुंतवलेले सगळे पैसे सुटले नाहीत. मावशींना आम्ही काही बोललो नाही. आई आजही त्यांच्याकडे हळदीकुंकवाला जाते.

तुर्भ्याच्या आयकियात तुम्ही पूर्ण पैसे भरूनच सामान उचलता, तिथे अपमान वाटत नाही. हे मी रागाने म्हणते, आणि लगेच मलाच पटत नाही. तिथे वस्तू डोळ्यांसमोर असते. माझ्याकडे कागदावरचं चित्र आणि तुमचा माझ्यावरचा विश्वास. धोका तुम्हीही घेता. म्हणून आता मी ग्राहकाला गाळ्यात बोलावून फळ्या दाखवते. करवत लागण्याआधी नाही म्हणालात तर पैसे परत.

पण तेव्हाची मी अजून भांडते: तुझी पहिली कामं ओळखीनेच आली ना? बाबांनी भरवसा ठेवूनच रंधा मशीनला पैसे दिले ना, त्यांनी कुठे काही आगाऊ मागितलं? याला माझ्याकडे उत्तर नाही. मावशींकडे न मागणं चूक होतं, असंही मला अजून वाटत नाही.

मावशींच्या मुलीचं लग्न ठरलंय, पलंग हवाय असं आई म्हणत होती. निम्मे पैसे मागायचं मी ठरवलंय. आई शेजारी बसलेली असताना तोंडातून शब्द निघेल का, ते बघू.