दोन साप्ताहिके आणि एकच माप

संविधान लागू होऊन जेमतेम चार महिने झाले होते. २६ मे १९५० रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकाच दिवशी दोन साप्ताहिकांच्या खटल्यांचे निकाल दिले. पहिले साप्ताहिक मुंबईहून निघणारे, डाव्या विचारांचे ‘क्रॉस रोड्स’. मद्रास सरकारने आपल्या राज्यात त्याच्या प्रवेशावर आणि वितरणावर बंदी घातली होती. दुसरे राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या विचारांचे, दिल्लीचे ‘ऑर्गनायझर’. जातीय तेढीशी संबंधित सर्व मजकूर आणि पाकिस्तानविषयीच्या बातम्या व मते, त्यांत छायाचित्रे आणि व्यंगचित्रेही आली, छापण्यापूर्वी तपासणीसाठी सादर करावीत, असा हुकूम दिल्लीच्या मुख्य आयुक्तांनी त्याला बजावला होता. ही दोन साप्ताहिके विचारांनी एकमेकांची कट्टर विरोधक होती. न्यायालयाने मात्र दोन्ही हुकूम एकाच कारणाने रद्द ठरवले: सार्वजनिक सुव्यवस्थेचे नाव पुढे करून विचारस्वातंत्र्यावर असा घाला घालण्याची मुभा त्या वेळच्या संविधानाने सरकारला दिलेली नव्हती.

पुढच्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती झाली आणि ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे कारण विचारस्वातंत्र्यावर निर्बंध घालण्याची कारणे सांगणाऱ्या कलम १९(२) मध्ये आले. पंडित नेहरूंनी ती मांडली, डॉ. आंबेडकरांनी कायदामंत्री म्हणून तिचे समर्थन केले आणि पुढे जनसंघ स्थापन करणाऱ्या श्यामाप्रसाद मुखर्जींनी तिला कडाडून विरोध केला. आज यांपैकी प्रत्येकाचा वारसा सांगणारे लोक या प्रश्नावर कोणत्या बाजूला उभे असतात, हे पाहिले की भूमिका तत्त्वावरून ठरते की सत्ता कोणाच्या हाती आहे यावरून, असा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही.

आपल्या सार्वजनिक जीवनात असहिष्णुता आहे, हे सगळेच मान्य करतात. ती दुसऱ्याकडे आहे, एवढेच प्रत्येकाचे म्हणणे असते. एखाद्या पुस्तकावर बंदी आली, एखाद्या व्याख्यात्याला सभागृहातून हुसकावले, एखाद्या चित्रकारावर गावोगावी खटले भरले, की आपण आधी ‘तो कोणाचा माणूस’ हे विचारतो आणि मग संतापायचे की गप्प बसायचे ते ठरवतो. चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांना २००६ मध्ये देश सोडावा लागला. दिल्ली उच्च न्यायालयाने २००८ मध्ये त्यांच्या चित्रांवरून भरलेले खटले रद्द केले, तरी ते परतले नाहीत आणि २०११ मध्ये लंडनमध्ये वारले. याच काळात, नोव्हेंबर २००७ मध्ये, रस्त्यावर उतरलेल्या जमावानंतर बांगलादेशी लेखिका तस्लिमा नसरीन यांना कोलकाता सोडावे लागले, आणि तेथे सरकार होते डाव्या आघाडीचे. हुसेन यांच्यासाठी कळवळणाऱ्या अनेकांना तस्लिमांच्या वेळी शब्द सुचले नाहीत, आणि तस्लिमांच्या बाजूने हिरिरीने बोलणाऱ्या अनेकांना हुसेन गेले याचा आनंदच झाला. दोघांवर आलेला प्रसंग मुळात एकच होता: दुखावल्याचा दावा करणारा जमाव, आणि त्याला आवरण्याऐवजी कलावंतालाच दूर करणे सोयीचे मानणारी व्यवस्था.

खरा विचार करण्याजोगा भाग हा आहे. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर हल्ला झाला. शिवाजी महाराजांवरील एका परदेशी अभ्यासकाच्या पुस्तकाचा राग त्या पुस्तकाच्या सिद्धतेत साहाय्य केलेल्या संस्थेच्या कपाटांवर, ग्रंथांवर आणि दुर्मिळ हस्तलिखितांवर काढला गेला. त्याच महिन्यात राज्य सरकारने पुस्तकावर बंदी घातली. ही बंदी उठवणारा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये कायम केला, परंतु तोवर जमावाला जो धडा मिळायचा तो मिळून गेला होता: मोडतोड केली की सरकार आपले म्हणणे ऐकते. एका गटाला असे फळ मिळालेले दिसले की दुसरा गट आपल्याही भावना तेवढ्याच नाजूक असल्याचे सांगू लागतो, आणि त्याला नाही म्हणण्याचे नैतिक बळ सरकारजवळ उरत नाही. निदर्शनांच्या धमकीमुळे अभिव्यक्ती दडपता येणार नाही, जमावाला तोंड देण्यास आपण असमर्थ आहोत अशी सबब राज्याला सांगता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच रंगराजन खटल्यात बजावले होते.

इंटरनेटवरील आक्षेपार्ह मजकुराबद्दल शिक्षा सांगणाऱ्या, माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६अ चा इतिहासही असाच बोलका आहे. २०१२ मध्ये पश्चिम बंगालमध्ये मुख्यमंत्र्यांवरील व्यंगचित्र पुढे पाठवल्याबद्दल एका प्राध्यापकाला अटक झाली, आणि त्याच वर्षी पालघरमध्ये मुंबई बंद असल्याबद्दल फेसबुकवर मत मांडणारी एक तरुणी आणि ते मत पसंत करणारी तिची मैत्रीण यांना पोलिसांनी पकडले. दोन्ही राज्यांत वेगवेगळ्या पक्षांची सरकारे होती. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ते कलम घटनाबाह्य ठरवले. दरम्यानच्या काळात प्रत्येक पक्ष आपल्या कार्यकर्त्यावरील कारवाईला दडपशाही आणि विरोधकावरील कारवाईला कायद्याचे राज्य म्हणत राहिला.

येथे एक भेद केला पाहिजे. पुस्तकावर कडाडून टीका करणे, चित्रपट न पाहण्याचे आवाहन करणे, सभेबाहेर शांतपणे निषेधाचे फलक धरणे, यांपैकी काहीच असहिष्णुता नव्हे. तोही अभिव्यक्तीचाच भाग आहे, आणि टीका झाली म्हणून गळचेपीची तक्रार करणारे लेखक मूळ प्रश्नाची हानी करतात. हिंसेला थेट चिथावणी देणाऱ्या भाषणाला संरक्षण नसावे, हेही खरे. मात्र चिथावणी कशाला म्हणायचे याची कसोटी वक्त्याचा धर्म, जात किंवा पक्ष पाहून बदलता कामा नये. ती पारखण्याचा साधा उपाय आहे. त्या भाषणातील समाजाचे नाव काढून तेथे दुसऱ्या समाजाचे नाव घालावे आणि ते पुन्हा वाचावे. पहिल्या वाचनात ज्याला आपण ‘परखड मत’ म्हटले, तेच दुसऱ्या वाचनात असह्य वाटले, तर दोष मजकुरात आहे की आपल्या मापात, हे लगेच कळते.

गैरसोयीच्या माणसाच्या बाजूने उभे राहणे महाराष्ट्राला नवे नाही. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला चालला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले. कामजीवनाविषयी उघड बोलणाऱ्या, समाजाने जवळजवळ वाळीत टाकलेल्या संपादकाची बाजू घेऊन कोणत्याही पुढाऱ्याला लोकप्रियता मिळण्याची शक्यता नव्हती. खटला ते हरलेही.

म्हणून माझी मुख्य अपेक्षा विरोधी गोटाकडून नाही. ती मी ज्यांना माझ्या विचारांचे मानतो त्यांच्याकडून आहे. आपल्या झेंड्याखालील जमाव एखाद्या सभागृहात घुसतो, तेव्हा पहिला निषेध आपल्यातूनच उमटला पाहिजे, आणि त्याला ‘तेव्हा तुम्ही कुठे होता’ हे शेपूट जोडलेले नसावे. विरोधकाच्या निषेधाला तो जमाव आपले यश समजतो. आपल्याच माणसांनी पाठ फिरवली, तर मात्र त्याचे पुढारी बिथरतात, कारण त्यांची निवडणुकीतली मते तिथूनच येणार असतात.