डी डॉगचा

शनिवारी ताईचा धाकटा येऊन गेला आणि जाताना माझ्या नेटहॅकमधली, म्हणजे भुयारातले सगळे काही अक्षरांनी दाखवणाऱ्या एका जुन्या संगणकी खेळातली, अक्षरे काढून त्यांच्या जागी चित्रे बसवून गेला.

त्याचा हेतू वाईट नव्हता. काळ्या पडद्यावरचा गडद निळा रंग मला हल्ली नीट दिसत नाही, हे मीच त्याला मागे बोललो होतो, आणि शनिवारी त्याने मला पडद्याला नाक लावून बसलेले पाहिले. "मामा, टाइल्स आतच आहेत, फक्त चालू करायच्या होत्या. तू इतकी वर्षं अक्षरांत काय बघत बसलास कोण जाणे," असे म्हणून त्याने दोन मिनिटांत काम उरकले, आणि मी "राहू दे रे" म्हणेपर्यंत तो दारात बूट घालत होता. रात्री सगळे झोपल्यावर मी नवा डाव मांडला. एरवी मी जिथे '@' असतो तिथे तलवारवाला एक चिमुकला सामुराई उभा होता, आणि त्याच्या शेजारी चार पायांचा, शेपटीवाला, कोणाचाही असू शकेल असा एक कुत्रा.

तो मोत्या नव्हता.

हे वाक्य लिहून मी बराच वेळ थांबलो, कारण पन्नाशी उलटलेल्या माणसाने रात्री साडेबाराला लिहावे असे हे वाक्य नाही. पण चार दिवस झाले तरी ते डोक्यातून जात नाही.

नेटहॅकमध्ये कुत्र्याच्या कुळातले सगळे प्राणी दुसऱ्या लिपीतल्या, म्हणजे लहान, 'डी'ने दाखवतात. खोकड तांबडे, कोल्हा तपकिरी आणि आपण पाळलेला कुत्रा पांढरा. पिल्लू खाऊनपिऊन मोठे होते, त्याचे वर्णन 'लहान कुत्रा', 'कुत्रा', 'मोठा कुत्रा' असे बदलत जाते, पण अक्षर तेच राहते. अक्षराला वय नसते. सेटिंगच्या फाईलमध्ये कुत्र्याचे नाव आधीच लिहून ठेवण्याची सोय आहे, आणि ती ओळ मी तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून जोडलेल्या माझ्या पहिल्या संगणकावर लिहिली होती. त्यानंतर संगणक किती बदलले, पण ती फाईल मी प्रत्येक वेळी नव्यावर उचलून ठेवली. नाव अर्थातच रोमन लिपीत आहे, कारण टर्मिनलच्या, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या पडद्याच्या, खणांत आपले जोडाक्षर धड बसत नाही. म्हणजे शनिवार पेठेतल्या वाड्यातला मोत्या माझ्या खेळात आला तोही परक्या लिपीत. वाड्याबद्दल पुन्हा केव्हातरी लिहीन.

अक्षरांची बाजू मी आजवर अनेकांजवळ मांडली आहे, आणि माझा मुद्दा नेहमी एकच असे: चित्र दाखवून मोकळे होते, अक्षर मात्र पाहणाऱ्याला काम देते. पहिल्या लिपीतला, म्हणजे मोठा, डी समोर आला की त्याचा ड्रॅगन ज्याचा त्याने करायचा, आणि म्हणून माझा ड्रॅगन दुसऱ्या कोणाचा नसतो. हे मी इतक्यांदा आणि इतक्या ठसक्यात बोललो आहे की ते खरे आहे का, हे तपासून पाहावे असे मला कधी वाटलेच नाही.

शनिवारी रात्री वाटले. दिवा मालवून पडलो आणि ठरवून आठवू लागलो: पांढरा डी दिसला की मला आजवर काय दिसत होते? वाड्यातला मोत्या दिसत होता का? त्याचा एक कान दुमडलेला असे, तो दिसत होता का? फार वेळ प्रयत्न केला. काही दिसत नव्हते. मला डी दिसत होता. नुसता, पांढरा, दुसऱ्या लिपीतला डी. तो हलला की मी म्हणत असे, मोत्या हलला, आणि पुढची कळ दाबत असे. एवढी वर्षे ज्या कल्पनाशक्तीच्या नावाने मी चित्रवाल्यांना हिणवत आलो, ती त्या खणात कधी आलीच नव्हती. नेटहॅकच्या जुन्या आवृत्त्यांत भुताचे चिन्ह म्हणजे कोरी जागा असे. तिथे काहीतरी आहे, पण पडद्यावर काही नाही. माझा मोत्या त्यातलाच निघाला.

याने मला जे काही झाले ते कुत्र्यापुरते नव्हते, पण ते राहू दे.

रविवारी मी निमूटपणे चित्रांतच खेळलो आणि दुसऱ्याच मजल्यावर मेलो, तेही ज्याला नवशिक्यांचे मरण म्हणतात तसा. तरंगता डोळा नावाचा एक प्राणी या खेळात आहे. तो आपण होऊन काहीही करत नाही. मात्र त्याच्यावर वार केला की त्याच्या नजरेने आपण जागच्या जागी थिजतो आणि मग येणारा-जाणारा कोणीही आपल्याला सावकाश मारू शकतो. अक्षरांत तो निळा 'ई' असतो, आणि निळ्या ईच्या वाटेला जायचे नाही हे माझ्या बोटांना ठाऊक आहे. फक्त बोटांनाच ठाऊक होते, हे रविवारी कळले. समोर चक्क डोळ्याचे चित्र होते, तरी मी त्याच्यावर तलवार चालवली, कारण चित्र 'पाहायचे' असते आणि मी आजवर हा खेळ वाचत आलो होतो. कोल्हे आले. चित्रांतले कोल्हे बरेच गोंडस आहेत.

सोमवारचा दिवस मी स्वतःची कीव करण्यात घालवला. कचेरीतही तेच चालू होते. अक्षरे डोळ्यांना झेपत नाहीत आणि चित्रे बोटांना कळत नाहीत, मग आपण आता कोणत्या पडद्याचे, असा एकंदर सूर होता. हिला मोघम काहीतरी सांगितले तर ती म्हणाली की चष्म्याचा नंबर वाढला असेल, एकदा दाखवून ये. वाढलाच आहे. दाखवूनही आलो होतो, फक्त सांगितले नव्हते.

मंगळवारी संध्याकाळी माळ्यावरून कसलेसे बिल शोधताना एक जुनी अंकलिपी हाती आली आणि मी खालीच फतकल मारून ती चाळत बसलो. क कमळाचा, ग गणपतीचा. प्रत्येक अक्षराशेजारी चित्र. आम्हाला इंग्रजी पाचवीपासून होते, आणि वर्गात लावलेल्या तक्त्यावर 'डी'च्या चौकोनात एक कुत्रा काढलेला होता. 'डी डॉगचा' असे आम्ही मराठीच्या चालीवर मोठ्याने म्हणत असू आणि गुरुजी हसत. तेव्हा मला डी कळला तो त्या कुत्र्यामुळे. अक्षर पाठ झाल्यावर कुत्रा गळून पडला आणि पुढे कॉलेजच्या लॅबमध्ये हिरव्या टर्मिनलवर जेव्हा कोणीतरी 'रोग' नावाचा, या जातीचा मूळ खेळ दाखवला, तेव्हा हीच सगळ्यात शुद्ध गोष्ट आहे असे मी ठरवून टाकले. म्हणजे पोरगा शनिवारी नवे काही करून गेला नाही. त्याने तक्ता परत लावला.

मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन यांनी १९८०च्या सुमारास रोग लिहिला तेव्हा अक्षरे ही त्यांची निवड तरी कुठे होती? ८० रकाने, २४ ओळी, एका खणात एक अक्षर, एवढाच पडदा होता. हव्या त्या खणात हवे ते अक्षर उमटवता येते हीच तेव्हा चैन, आणि तीही केन अरनॉल्डच्या 'कर्सेस' या त्याच कामाच्या प्रोग्रॅममुळे मिळालेली. इंग्रजीत २६ अक्षरे, तर राक्षसही २६. त्यांची ती अडचण होती आणि मी तिचे सोवळे केले. २००८ साली बर्लिनमध्ये जमलेल्या मंडळींनी या जातीच्या खेळांची लक्षणे लिहून काढली, तेव्हा अक्षरांचा पडदा त्यांनी कमी महत्त्वाच्या लक्षणांत टाकला होता, यावर मी त्या वेळी किती चिडलो होतो ते आठवून आज हसू आले. ड्वार्फ फोर्ट्रेस हा दुसरा एक खेळ २००६पासून अक्षरांत होता. डिसेंबर २०२२मध्ये तो चित्रे घेऊन विकायला आला तेव्हाही मी असाच दोन दिवस न जेवल्यासारखा वावरत होतो, आणि अक्षरांची आवृत्ती तर आजही फुकट मिळते. कोणी माझे काही काढून घेतले नव्हते.

तरीही अक्षरांच्या बाजूने एक गोष्ट उरते, आणि ती कल्पनाशक्तीची नसून साध्या गुणाकाराची आहे. नकाशा ८० रकान्यांचा. १६ ठिपक्यांची टाइल घेतली तर रुंदी १२८० होते आणि सगळा मजला एका नजरेत मावतो, पण त्या आकारात मला कुत्रा आणि कोल्हा यांतला फरक कळत नाही. ३२ ठिपक्यांची घेतली तर कळतो, पण रुंदी २५६० होते आणि अर्धा मजला माझ्या पडद्याबाहेर जातो. अक्षर मात्र लहान असले तरी अक्षरच राहते, अर्थात निळे नसेल तर. निळ्यावर उपाय काल रात्री केला. टर्मिनलच्या रंगांत तो जरा उजळ करून घेतला. पाच मिनिटांचे काम होते आणि ते मी गेली किमान दहा वर्षे केले नव्हते.

म्हणून सध्या सुटीच्या दिवशी सकाळी अक्षरे आणि रात्री डोळे थकल्यावर मोठी चित्रे, असे ठरवले आहे. हे तत्त्वात बसत नाही. पोराला कळवले तर तो जिंकल्यासारखा हसेल, त्यामुळे तूर्त कळवणार नाही.

आज रात्री चित्रांतच खेळलो. अर्धविरामाची कळ दाबून त्या कुत्र्यावर खूण नेली की खेळ सांगतो, मोत्या नावाचा पाळीव लहान कुत्रा. नाव फाईलमधूनच येते, त्यामुळे ते त्याला शनिवारपासून होतेच. मी विचारले नव्हते. खाली जाणारा जिना सापडला तेव्हा तो तीन खण मागे काहीतरी खात होता. या खेळात जिना उतरताना कुत्रा अगदी शेजारच्या खणात असावा लागतो, नाहीतर तो वरच राहतो आणि फार दिवस मागे राहिला तर माणसाला विसरतो. मी जिन्यावर उभा राहिलो आणि जागेवर थांबण्याची कळ दाबत गेलो. त्याचे खाणे उरकेना. सात वेळा दाबली, आठ वेळा दाबली, आणि हिने आतून विचारले की अजून किती वेळ, तर म्हटले, आलोच, हा येईपर्यंत.