३० सप्टेंबरचा पट आणि डिसेंबरचा वर्ग

बीड जिल्ह्यात वाडी-वस्तीवरच्या आमच्या जिल्हा परिषद शाळेचा पट ३० सप्टेंबरला धरला जातो आणि त्यावरच संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे याची मंजुरी, होऊन पदे ठरतात. दसरा झाला की मात्र ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात व वर्ग ओस पडू लागतात. गेल्या हंगामात टोळी निघायच्या दिवशी शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांना घेऊन मी सकाळीच वस्तीवर गेलो. मागे राहणाऱ्या मुलांची नावे हंगामी वसतिगृहासाठी घ्यायची होती आणि जाणाऱ्यांना शिक्षण हमी पत्रक, म्हणजे तिकडच्या शाळेत बसता यावे यासाठीचे पत्र, द्यायचे होते.

ट्रकमध्ये ज्वारीची पोती, पत्र्याच्या पेट्या, कोपीसाठी, म्हणजे फडाजवळ राहायच्या झोपडीसाठी, बांबू आणि ताडपत्र्या भरणे चालले होते. नावे लिहिता लिहिता लक्षात आले, की आजीजवळ राहणारे बहुतेक मुलगे आहेत आणि निघालेल्यांत आठ-दहा वर्षांच्या मुलीच जास्त आहेत. चौथीतली, वर्गात सर्वांत चांगले वाचणारी माझी एक विद्यार्थिनी दीड वर्षाच्या भावाला कडेवर घेऊन उभी होती. तिला ठेवून जा म्हणून विनवले, तेव्हा आई म्हणाली, "गुरुजी, आम्ही दोघं फडात गेल्यावर ह्याला कोण बघंल? उचल घेतलीय, आता कसं करावं?"

नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि उचल, म्हणजे मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम, त्या जोडीच्या नावावर. लेकरू सांभाळणारी, पाणी भरणारी मुलगी त्या हिशेबात कुठेच नसते, पण तिच्यावाचून आईला फडात उभे राहता येत नाही. आमच्या कागदांतही तेच होते, कारण हमी पत्रकामुळे तिचे नाव पटावर राहते, हे योग्यच आहे, पण वर्षभराच्या तक्त्यात मुले-मुली सारख्याच दिसतात. वसतिगृह शाळेतल्या मुलांसाठी आहे, तिच्या भावाची सोय त्यात नाही. फडाजवळ पाळणाघर असते तर ती गावातच शिकली असती, असे माझे ठाम मत आहे.

कारखान्याजवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना मी फोन केला, आणि त्यांनी तिला भावासकट वर्गात बसू दिले. टोळीने मुक्काम हलवल्यावर मात्र तिची शाळा पुन्हा सुटली. आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या बैठकीत आता मी ३० सप्टेंबरच्या पटाशेजारी डिसेंबरची प्रत्यक्ष हजेरी, मुलगे आणि मुली वेगळे दाखवून, मांडतो.