परत घेतात का हो फौजेत?

परवा रात्री अकराला अनोळखी नंबरवरून फोन. पोरगं अहमदपूरकडचं, बोलत होतं मात्र युनिटमधून, कुणीतरी माझा नंबर दिलता म्हणे. आधी दोन-चार मिनिटं पाऊस कसाय, सोयाबीन निघालं का, भाव काय लागला, आणि मग एकदम आवाज खाली आणून म्हणतंय, "दादा, तुमचं पण एसएनएलआरच झालतं ना?"

लई दिवसांनी हा शब्द कुणाच्या तोंडून ऐकला. सर्व्हिस नो लॉन्गर रिक्वायर्ड. आमच्या रेणापूर तालुक्यात हा शब्द कुणाला माहीत नाही, गावात एकच माहितेय, "त्याला काढून दिलं". काहीजण अजून मला फौजी म्हणतात, त्यातले निम्मे प्रेमाने आणि निम्मे टोमण्याने, आणि मला आता आवाजावरूनच कळतं कोण कसं म्हणतंय ते.

पोराच्या सर्व्हिस रेकॉर्डवर तीन लाल शाया, म्हणजे शिक्षेच्या रेड इंक एंट्र्या होत्या, चौथी नुकतीच पडली आणि हातात नोटीस आली. त्याचा प्रश्न सरळ होता, काढलं तर परत भरती देता येते का. फोनवर मी नुसतं "नाही रे बाबा" म्हणालो आणि मग रात्रभर मलाच झोप नाही.

माझं सांगतो आधी. 2007 ला भरती झालो, 2017 ला घरी. दहा वर्षं. पेन्शनला शिपायाची पंधरा लागतात, म्हणजे हातात काय, फंडाचे पैसे, एक काळी ट्रंक आणि डिस्चार्ज बुक. चार रेड इंक एंट्र्या. पहिली बहिणीच्या लग्नात, रजा संपली तरी मी हळदीच्या मांडवात, सहा दिवस उशीर, सात दिवस आरआय, म्हणजे सक्तमजुरीची कैद. दुसरी पण ओव्हरस्टेचीच. तिसरी दारूची, तिच्याबद्दल मी काही बोलत नाही, माझीच चूक, ड्युटीवर पिऊन गेलतो आणि हवालदार मेजरच्या समोर नीट उभं राहता येईना. चौदा दिवस मिळाले, कमीच मिळाले.

चौथी 2016 ची. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं ना, एप्रिलमध्ये, तो उन्हाळा. टीव्हीवर ती गाडी सगळ्या देशानं बघितली पण ते पाणी शहराला होतं, आमच्या गावात टँकर चार दिवसाआड यायचा आणि विहिरीत टँकर ओतला की बाया-पोरं कडेला तुटून पडायची. माय तिथंच घसरली. खुब्याचं हाड मोडलं. अण्णांना दिसत नाही नीट, बहीण नांदेडला दिलेली. माझी रजा संपली त्या दिवशी मायचं ऑपरेशन होतं. युनिटला फोन केला, लागला, बोललो, समोरचा म्हणाला एक्स्टेंशनचा अर्ज पाठव, मी म्हणलं पाठवतो, आणि पाठवला नाही. बस एवढंच. दवाखान्यात जिन्यावर बसून मी तीन कागद फाडले, इंग्रजीत कसं लिहायचं कळेना म्हणून, आणि हिंदीत लिहिलं असतं तरी चाललं असतं हे तेव्हा डोक्यात आलंच नाही. तेवीस दिवस गेले. मधी पोलीस घरी येऊन गेले, युनिटनं माझ्या नावाचा अ‍ॅप्रिहेन्शन रोल, म्हणजे पकडून आणायचा कागद काढलता. दोन हवालदार दारात, बाजेवर माय, आणि अख्खी गल्ली गच्चीवर. तेवीसाव्या दिवशी मी स्वतःहून हजर झालो. अठ्ठावीस दिवस. कमांडिंग ऑफिसर आर्मी अ‍ॅक्टच्या कलम 80 खाली शिपायाला स्वतःच्या अधिकारात जास्तीत जास्त तेवढेच दिवस कैद देऊ शकतो, म्हणजे फुल्ल दिले.

मग आली शो कॉज नोटीस. तुम्हाला सेवेतून का काढू नये. आणि इथं मी जी माती खाल्ली ती सांगायसाठीच हे सगळं लिहायलोय.

बरोबरचा क्लार्क म्हणाला, जास्त लिहू नको, गलती मानून टाक, साहेब नरम पडतील. मी चार ओळी लिहिल्या, गलती हो गई, आगे नहीं होगी, माफ किया जाए, खाली सही. मायचं नाव नाही, दवाखान्याचं नाव नाही, टँकर नाही, काही नाही. कागदावर मी म्हणजे नुसत्या चार तारखा आणि चार शिक्षा.

नंतर घरी बसल्यावर वाचत गेलो. (दहावीत इंग्रजीला काठावर पास झालेला माणूस कोर्टाचे निकाल वाचतो म्हणजे त्याला दुसरं काम नाही असं बायको म्हणायची, खरंच नव्हतं.) चार लाल शाया पडल्या की काढलंच पाहिजे असा नियम कुठंच नाही. आर्मी रूल्स 1954 चा नियम 13 आहे, त्यात काढायचा अधिकार आहे, पण आर्मी हेडक्वार्टरचंच 28 डिसेंबर 1988 चं पत्र म्हणतं की आधी चौकशी करा, प्रत्येक एंट्री कशासाठी पडली ते बघा, नोकरी किती झाली, कुठल्या कठीण जागी केली ते बघा, पेन्शनजवळ आलेल्या माणसाशी कठोर वागू नका. 2015 ला सुप्रीम कोर्टानं वीरेंद्रकुमार दुबे म्हणून एका जवानाच्या केसमध्ये हेच उचलून धरलं, चौकशीशिवाय काढलं म्हणून डिस्चार्ज रद्द. वाचून मी जागेवरून उठलो, म्हणलं झालं आपलं काम.

मग शेवटचं पान वाचलं. जिंकलेल्या त्या माणसाला परत वर्दी नाही मिळाली. पेन्शनपुरती नोकरी पूर्ण झाली असं धरून पेन्शन, मधल्या काळाचा पगार नाही. वर्षं निघून गेली होती ना.

आणि 2019 ला त्याच कोर्टानं दुसऱ्या एका जवानाचं डिस्चार्ज कायम ठेवलं. नोटीस दिली होती, त्याचं उत्तर घेतलं होतं, झाली की चौकशी. म्हणजे सगळा खेळ त्या उत्तराच्या कागदावर. माझा कागद तुम्हाला सांगितलाच.

संभाजीनगरला एका वकिलाकडे गेलतो, तीन वर्षांनी. आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल, म्हणजे फौजेच्या केसेसचं कोर्ट, त्याचं बेंच मुंबईला, आणि मुदत शेवटच्या ऑर्डरपासून सहा महिने. उशीर माफ करायचा अर्ज टाकता येतो, पण वकिलानं पहिला प्रश्न विचारला, "नोटिशीला उत्तर काय दिलंत?" मी सांगितलं. त्यांनी चहा मागवला. मी चहा पिऊन परत आलो, मुंबईच्या चकरा मारायची ऐपत पण नव्हती आणि खरं सांगायचं तर तोंड पण नव्हतं.

परत भरतीचं म्हणाल तर तो रस्ता नाहीच. वय एक, अग्निवीरला 2022 मध्ये स्कीम आली तेव्हाच एकवीसची अट होती, त्या एका वर्षापुरती तेवीस केली. वय बसलं तरी फॉर्मवर विचारतातच आधी कुठं नोकरीत होता का, कसा निघाला. लातूरात एक एजंट भेटलता, म्हणे तो रकाना कोराच सोडा, माझ्या ओळखी आहेत, चाळीस हजार. भरतीच्या फॉर्मवर जाणूनबुजून खोटं लिहिलं तर आर्मी अ‍ॅक्टच्या कलम 44 खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे. एजंट काय, पैसे घेऊन बाजूला होतो, आत तुम्ही जाता.

माजी सैनिक कोट्यातून तरी काहीतरी, असं वाटून मी गार्डच्या एका जागेचा फॉर्म भरलता. खिडकीतल्या माणसानं डिस्चार्ज बुक उघडलं, कारणाच्या ओळीवर बोट ठेवलं आणि बोट तिथंच ठेवून माझ्याकडं बघितलं. केंद्राच्या 1979 च्या नियमात माजी सैनिकाची व्याख्या आहे, त्यात गैरवर्तन नाहीतर अकार्यक्षमतेमुळं काढलेला माणूस बसतच नाही. म्हणजे मी आजी पण नाही आणि माजी पण नाही. मागं लाइनीत उभा असलेला एक पेन्शनर सुभेदार हळूच म्हणाला, "चल, बाहेर चहा घेऊ." फौजेतली माणसं अशा वेळी चहाच पाजतात.

सध्या सकाळी पाचला गावातल्या पोरांना ग्राउंडवर पळवतो. भरतीत 1600 मीटर साडेपाच मिनिटांच्या आत आलं तर पूर्ण 60 मार्क, बीम (पुल-अप्स) दहा मारले तर 40. तीन पोरं लागली आतापर्यंत. मी स्वतः त्यांच्याबरोबर पळून बघितलं, सहा पंचवीस, आणि नंतर लिंबाला धरून उभा राहिलो तर पोरं मोबाइलवर शूटिंग काढायलेत.

तर ते पोरगं. सकाळी मी उलटा फोन केला, म्हणलं तू नोटिशीला काय लिहिलंस ते व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव. फोटो आला. वहीचं पान, निळी शाई. गलती हो गई, आगे ऐसा नहीं होगा, माफ किया जाए. शब्द न् शब्द माझाच.

"दिलंस का साहेबाला?"

"नाही दादा, उद्या द्यायचंय."

"फाड."

"अहो पण क्लार्क म्हणायला..."

"क्लार्कला राहू दे. पहिली रजा कधी संपली ती तारीख सांग. आणि त्या दिवशी तुझ्या घरी काय चालू होतं?"

गप्प झालं. मग म्हणलं, "दादा, थांबा, रजेचा कागद पेटीत आहे, आणतो."

मी फोन चालूच ठेवला.